मैत्रेयाचा पूर्वपक्ष आणि उमरखाडीचा तुरुंग

वज्रेश्वरीचें देऊळ इतिहासाच्या अभ्यासकांस माहीत आहे तें वसईच्या मोहिमेमुळें. चिमाजी आप्पांनीं देवीस नवस केला, आणि वसई हातीं आल्यावर, म्हणजे इ. स. १७३९ (शके १६६१) नंतर, देऊळ बांधविलें, अशी परंपरा आहे. गडकोटाचा थाट असलेली ही वास्तु तिची साक्ष देत उभी आहे. परंतु येथें येणाऱ्या लोकांचें लक्ष देवळाइतकेंच तानसा नदीच्या कांठच्या ऊन पाण्याच्या कुंडांकडे असतें. त्वचेच्या व सांध्यांच्या विकारांवर अकलोलीचें व गणेशपुरीचें स्नान गुणकारी, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्यास गुण आला तो पुन्हां येतो, नवस फेडतो, चार जणांस सांगतो. ज्यास गुण आला नाहीं तो दुसऱ्या तीर्थाची वाट धरतो, आणि त्याची नोंद येथें कोणीच ठेवीत नाहीं. ह्या न ठेवलेल्या नोंदीचा विचार आपल्या देशांत कोणीं, केव्हां व कसा केला, आणि हस्तलिखितें जमविणाऱ्यांचा त्याशीं काय संबंध पोंचतो, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत महाचतुष्पाद नांवाचा दहावा अध्याय आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. ते गुणसंपन्न असले म्हणजे आरोग्य लाभतें, असा आत्रेयाचा पक्ष. त्यावर मैत्रेय शंका घेतो. चारही पाद उत्तम असून कांहीं रोगी बरे होतात व कांहीं मरतात. चारांपैकीं एकही धड नसून कांहीं रोगी बरे होतात व कांहीं मरतात. मग औषध देणें आणि न देणें यांत भेद तो काय राहिला? खड्ड्यांत किंवा तळ्यांत शिंपडलेलें थोडें पाणी, वाहत्या नदींत ओतलेली ओंजळ, धुळीच्या ढिगावर टाकलेली मूठभर धूळ, तशी ही चिकित्सा होय, असें तो म्हणतो.

पूर्वपक्ष हा खंडनासाठींच मांडलेला असतो, ह्या समजुतीनें वाचक येथून घाईनें पुढें जातो. वस्तुतः मैत्रेयानें येथें चार खणांचें कोष्टक मांडलें आहे: औषध घेऊन बरे झालेले, औषध घेऊन मेलेले, औषधावांचून बरे झालेले, औषधावांचून मेलेले. सामान्य वैद्य यांपैकीं पहिला खणच दाखवितो. उरलेल्या तीन खणांची आठवण करून देणारा हा शिष्य आमच्या मतें त्या अध्यायांतला सर्वांत जागरूक पुरुष आहे.

आत्रेयाचें उत्तरही हलकें नाहीं. पडलेला मनुष्य स्वतः उठण्यास समर्थ असला तरी दुसऱ्यानें हात दिल्यास तो अधिक लवकर व क्लेशावांचून उठतो. तसेंच औषधावांचून बऱ्या होणाऱ्या रोग्याचेंही आहे. आणि सर्व साधनें असून जे मेले, त्यांचा रोगच साध्य कोटींतला नव्हता, कारण साध्यासाध्य विवेक हा चिकित्सेचा पहिला पाठ आहे. दृष्टांत मार्मिक खरा. पण मैत्रेयाचा प्रश्न त्यानें पुरता मिटत नाहीं. 'लवकर' म्हणजे किती लवकर, आणि हात दिलेल्या शंभरांत किती उठले व न दिलेल्या शंभरांत किती, हें मोजल्यावांचून कळावयाचें नाहीं. शिवाय मेलेल्यास मागाहून असाध्य ठरविण्याची मुभा वैद्यास दिली कीं त्याचें औषध कधींच हरत नाहीं. चारही खण त्या अध्यायांत मांडले गेले. त्यांत आंकडे मात्र पडले नाहींत.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत हीच गोष्ट अधिक नेमकेपणें सांगतां येते. जेथें हेतु तेथें साध्य हा अन्वय. जेथें साध्य नाहीं तेथें हेतुही नाहीं हा व्यतिरेक. औषध घेतलें आणि गुण आला, ही अन्वयाची उदाहरणें हजार जमविलीं तरी व्यतिरेकाची बाजू पाहिल्यावांचून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, असाही प्रकार असूं शकतो. त्यापलीकडे नैयायिकांनीं उपाधि नांवाचा दोष सांगितला आहे. अग्नीपासून धूर निघतो असें म्हणावें, तर धूर निघतो तो ओल्या सर्पणामुळें. हें ओलें सर्पण म्हणजे उपाधि. औषधाच्या परीक्षेंत असें ओलें सर्पण जागोजाग दडलेलें असतें. आजच्या वैद्यकांत ज्यास तुलनागट म्हणतात, म्हणजे रोगी तेच, स्थिति तीच, परंतु ज्यांस तें औषध दिलेलें नाहीं असा गट, तो ह्या शास्त्रीय भाषेंत व्यतिरेकपक्ष होय, आणि उपाधि दूर ठेवणें हें त्याचें काम होय. पुढील विवेचनांत हेंच शब्द वापरूं.

आतां दीड हजारांहून अधिक वर्षें ओलांडून मुंबईंत येऊं. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक ज्वराचे, म्हणजेच प्लेगचे, रोगी ओळखले. थोड्याच महिन्यांत शहर ओस पडूं लागलें. सरकारनें वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञास मुंबईस पाठविलें. ते मूळचे ओडेसाचे. पॅरिस येथें पाश्चरच्या संस्थेंत त्यांनीं काम केलें होतें, आणि इ. स. १८९३ पासून हिंदुस्थानांत पटकीची लस टोंचीत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांतल्या लहानशा जागेंत त्यांनीं प्लेगचे जंतु मांसरसांत वाढविले. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले असतां त्या थेंबांखालीं जंतु लोंबत्या तंतूंसारखे वाढतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. तुपाचा असा उपयोग आपल्या घृतकल्पांतही कोणीं सांगितलेला नसावा. मग तो रस तापवून जंतु मारावयाचे व त्याची लस करावयाची. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. एकट्या मनुष्यावरच्या ह्या प्रयोगानें लस घातक नाहीं एवढें कळलें. ती तारक आहे हें कळावयास व्यतिरेकपक्ष पाहिजे होता, आणि तो त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत मिळाला.

तेथें प्लेग शिरला होता. ३० जानेवारी १८९७ (शके १८१८) रोजीं हाफकिन यांनीं कैद्यांपुढें लशीची गोष्ट मांडली. १५४ जणांनीं टोंचून घेतलें. १७७ जण तसेच राहिले. पुढल्या दिवसांत न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ मेले. टोंचलेल्यांपैकीं दोघांस झाला व एकही मेला नाहीं. अन्न तेंच, कोठड्या त्याच, पहारा तोच. इतकी सारखी स्थिति बाहेरच्या वस्तींत मिळाली नसती.

परंतु येथें थांबून दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. टोंचलेल्यांपैकीं तिघांस त्याच दिवशीं रोग दिसला आणि ते दगावले. रोग आधींच जडला होता, लशीस अवधिच मिळाला नाहीं, म्हणून हाफकिन यांनीं त्यांस हिशोबांतून वगळलें. कारण पटण्याजोगें आहे. तरी पण ते तिघे जमेस धरले तर मृतांचे आंकडे ६ विरुद्ध ३ असे होतात, आणि चित्र पालटतें. पोथीचा पाठ ठरवितांना एखादी प्रत बाजूस ठेवावयाची तर तिचें कारण पाठ पाहण्यापूर्वीं ठरलेलें असावें लागतें. पाठ पाहून मग प्रत टाकणें हा संशोधनांतला प्रमाद होय. हाच नियम येथेंही लागतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टोंचून घेण्यास जो आपण होऊन पुढें आला तो, आणि जो मागें राहिला तो, हे दोघे सारखेच धरावे काय? पुढें येणारा कदाचित् अधिक धट्टाकट्टा असेल, किंवा अधिक भित्रा व म्हणून अधिक जपणारा असेल. स्वेच्छा हीच येथें उपाधि ठरूं शकते. (तुरुंगांतली स्वेच्छा ती केवढी, हा प्रश्न वेगळा, तोही विसरतां कामा नये.)

ह्या उपाधीचा परिहार उमरखाडीच्या तुरुंगांत झाला. १ जानेवारी १८९८ रोजीं तेथें कैद्यांस रांगेनें बसविण्यांत आलें, आणि दुसरा कसलाही भेद न करितां एक सोडून एक अशा क्रमानें टोंचण्यांत आलें. कोणास लस मिळावी हें त्यामुळें कैद्याच्या इच्छेवर राहिलें नाहीं व डॉक्टरच्या पसंतीवरही राहिलें नाहीं. तो रांगेंत कोठें बसला एवढ्यावर तें ठरलें. १४७ जण टोंचलेले, १२७ न टोंचलेले. पहिल्यांत ३ आजारी, मृत्यु एकही नाहीं. दुसऱ्यांत १० आजारी व ६ मृत्यु. मैत्रेयाचे चारही खण येथें आंकड्यांनीं भरले आहेत.

ह्या आंकड्यांकडे पाहतांना संशोधकास आनंद होतो, आणि लगेच तो आनंद अडखळतो. ज्या ६ जणांचे प्राण गेले ते केवळ रांगेंतल्या जागेमुळें न टोंचलेल्या बाजूस पडले होते. भायखळ्याचा अनुभव हातीं असतां पुन्हां अर्धे कैदी तसेच ठेवणें न्याय्य होतें काय? एक पक्ष असा कीं, गुण ठाऊक असतां तो नाकारला. दुसरा पक्ष असा कीं, गुण ठाऊक नव्हताच, नुसता भासला होता. आणि तो सिद्ध झाल्यावांचून लाखों लोकांस टोंचणें हाच अधिक मोठा अपराध ठरला असता. आम्हांस दुसरा पक्ष बलवत्तर वाटतो. पण तो मान्य करतांना ते सहा जण कैदी होते, त्यांच्या जागीं बाहेरचे प्रतिष्ठित नागरिक बसविले गेले नव्हते, हेंही त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे.

तुरुंगाबाहेरची नामांकित परीक्षा बडोदें संस्थानांत झाली. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यांत, बडोदें शहराजवळ उंढेरा नांवाचें गांव आहे. तेथें प्लेग चालू असतां फेब्रुवारी १८९८ मध्यें ५१३ लोकांस टोंचण्यांत आलें. प्रत्येक कुटुंबांतील सुमारें अर्धीं माणसें टोंचावयाचीं व अर्धीं तशींच ठेवावयाचीं, असा बेत होता. एका छपराखालीं, एका चुलीवर जेवणारीं माणसें दोन्हीं पक्षांत विभागलीं गेल्यामुळें घराची स्वच्छता, सुबत्ता, उंदरांचा सुळसुळाट, ह्या सर्व उपाधि दोन्हींकडे सारख्या झाल्या. पुढें २८ कुटुंबांत रोग शिरला. त्यांत टोंचलेलीं माणसें ७१ होतीं. ८ आजारी पडलीं, ३ मेलीं. न टोंचलेलीं ६४ होतीं. २७ आजारी पडलीं, आणि २६ मेलीं. सत्ताविसांपैकीं वांचलें तें एक. हाफकिन यांनीं मृत्यूंतली घट शेंकडा ८९ च्या वर काढली, आणि वरील आंकड्यांवरून गणित करून पाहिलें तर तें बरोबर जुळतें.

ह्याच्याशीं दमणचे आंकडे ताडून पाहावे. धाकट्या दमणांत इ. स. १८९७ मध्यें २,१९७ टोंचलेल्यांत ३६ मृत्यु झाले आणि ६,०३३ न टोंचलेल्यांत १,४८२. संख्या डोळे दिपविणारी आहे. परंतु तेथें ज्यानें त्यानें आपल्या मनानें टोंचून घेतलें होतें, म्हणून प्रमाण या दृष्टीनें उंढेऱ्याचीं १३५ माणसें दमणच्या आठ हजारांहून वजनदार आहेत. इ. स. १८९८ मध्यें नेमलेल्या प्लेग कमिशननें लशीचा उपयोग मान्य केला; तिच्या मात्रेच्या अनिश्चितपणावर मात्र बोट ठेविलें. पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल येथें एका दूषित बाटलीमुळें १९ माणसें धनुर्वातानें मेलीं, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि तो दूर व्हावयास इ. स. १९०७ साल उजाडलें. ती कथा अन्यत्र विस्तारानें आलेली आहे. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस इ. स. १९२५ मध्यें त्यांचें नांव मिळालें.

वरील सर्व प्रयोग रोग टाळण्याचे होते. झालेला रोग बरा करण्याचे प्रयोगही त्याच काळांत मुंबईंत झाले. डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी हे आर्थर रोडच्या व मागाहून मराठा प्लेग हॉस्पिटलाचे प्रमुख होते. प्लेगवरील रक्तजल रोग्यांस टोंचतांना त्यांनीं एका रोग्यास तें द्यावें व पुढच्या रोग्यास देऊं नये, असा क्रम धरून दोन्हीं पक्षांचे मृत्यु मोजले. इंग्लंडांत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा इ. स. १९४८ मध्यें प्रसिद्ध झाली, तीपासून ह्या पद्धतीचा आरंभ मानण्याची रीत पडली आहे. त्या परीक्षेंत रोगी वांटण्याचें काम आधीं बंद केलेल्या लिफाफ्यांतील यदृच्छ आंकड्यांवर सोंपविलें होतें, व तें 'एक सोडून एक' पेक्षां निर्दोष खरें, कारण पुढचा रोगी कोणत्या पक्षांत जाणार हें डॉक्टरास आधीं कळत नाहीं. तथापि त्या वाटेवरील आधींचा टप्पा मुंबईच्या तुरुंगांत व इस्पितळांत आहे, हें आपण विसरूं नये.

येथवर एक उपाधि राहूनच गेली. टोंचलेल्यास आपण टोंचून घेतलें हें माहीत असतें, आणि त्या माहितीचाही परिणाम होतो. प्लेगच्या मृत्यूवर मनाच्या समजुतीचा फारसा जोर चालत नाहीं, म्हणून उमरखाडीच्या निर्णयास त्यामुळें बाध येत नाहीं. परंतु जेथें गुण म्हणजे रोग्याचें 'आतां बरें वाटतें' हें सांगणें, तेथें ही उपाधि सर्वांत प्रबळ ठरते. तिची एक आरंभींची स्पष्ट परीक्षा झाली ती एका ऊन पाण्याच्या तीर्थींच, हा योगायोग वज्रेश्वरीकरांस रुचेल. इंग्लंडांतील बाथ हें गांव उष्णोदकाच्या झऱ्यांसाठीं प्रसिद्ध. अमेरिकेंतील पर्किन्स नामक वैद्यानें धातूच्या टोंकदार सळयांची एक जोडी काढून इ. स. १७९६ मध्यें तिचा हक्क नोंदविला होता; ती दुखऱ्या भागावरून फिरवली म्हणजे संधिवात हटतो, असा बोलबाला झाला. बाथच्या डॉ. जॉन हेगार्थ यांनीं तशाच दिसणाऱ्या लांकडी सळया करून रंगवून घेतल्या आणि ७ जानेवारी १७९९ रोजीं पांच जुनाट रोग्यांवर फिरवल्या. चौघांनीं आराम पडला असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं खऱ्या धातूच्या सळयांनींही तेवढाच गुण आला.

अशा गुणरहित परंतु हुबेहूब औषधास पाश्चात्य वैद्यकांत प्लॅसीबो म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी संतोष देईन' असा आहे. मराठींत त्यास 'तोषण' म्हणावें असें आम्ही सुचवितों. चरकानें चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत, दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. तेव्हां मंत्र, मणि, नवस यांचा व मनाच्या धैर्याचा परिणाम आपल्या आचार्यांस अज्ञात नव्हता. तिन्ही एकत्र वापरले असतां कोणाचा वांटा किती, हें निवडणें मात्र त्यांच्या योजनेंत नव्हतें. तोषण तेंच काम करतें.

पुण्यांत झालेलें एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ व हळद यांचा एक योग संधिवाताच्या १८२ रोग्यांवर १६ आठवडे तपासण्यांत आला, डॉ. अरविंद चोपडा, भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं तो वृत्तांत इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध केला. सुमारें अर्ध्यांस खरा योग, अर्ध्यांस तोषण. कोणास काय दिलें तें रोग्यासही ठाऊक नाहीं व तपासणाऱ्यासही नाहीं. मुख्य कसोटीवर खऱ्या योगानें शेंकडा ३९ च्या सुमारास रोगी सुधारले. एवढेंच छापलें असतें तर योग सिद्ध झाला असें कोणीही म्हटलें असतें. पण तोषणानेंही शेंकडा ३० च्या सुमारास सुधारले, आणि मधला फरक यदृच्छेनेंही पडूं शकेल इतकाच भरला. सांध्यांची सूज वगैरे कांहीं बाबतींत मात्र योगाची बाजू उजवी दिसली. आयुर्वेदाच्या अभिमान्यांनीं स्वतः हा निकाल लपविल्यावांचून छापला, हें आम्हांस त्या निकालाइतकेंच मोलाचें वाटतें.

अकलोलीच्या पाण्याचीही अशी परीक्षा करतां येईल काय? तानसेचें साधें पाणी तितकेंच तापवून, तितकेच दिवस, तशाच कुंडांत, तशाच पथ्यानें स्नान घालावें, आणि कोणतें पाणी कोणतें हें स्नान करणाऱ्यास सांगूं नये. युक्ति सोपी दिसते. पण भाविक येतो तो देवीच्या पायांशीं. त्यास नकळत दुसरें पाणी देणें ही वंचना होईल. दोहोंपैकीं कोणतें तरी एक मिळेल, असें आधीं सांगून ज्याची संमति मिळेल त्यालाच घ्यावें, हा आजचा शिष्टसंमत मार्ग. तसें सांगितल्यावर किती जण राहतील, हें वज्रेश्वरीस राहणाऱ्यास विचारूं नये.

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस उद्देशून दोन शब्द. जुन्या बाडांत स्तोत्रें, आरत्या, हिशोब यांच्या मध्येंच औषधांचे योग लिहिलेले सांपडतात, आणि पुष्कळांच्या शेवटीं 'अनुभविक' असा शेरा असतो. असे योग छापतांना संपादक तो शेरा प्रमाण म्हणून पुढें करितात, आणि चार बाडांत तोच योग त्याच शेऱ्यासह मिळाला तर चार साक्षी मिळाल्या असें समजतात. ही गणना सदोष आहे. लेखक योग उतरवितांना शेराही उतरवितो. म्हणून चार प्रतींतला 'अनुभविक' हा बहुधा एकाच कोणा अज्ञात मनुष्याचा अनुभव असतो, आणि त्यास जें यश आलें तेवढेंच त्यानें लिहिलें. शेरा मूळ हाताचा आहे कीं दुसऱ्या हाताचा, शाई तीच आहे कीं निराळी, पाठभेद पाहतां प्रती एका कुळांतल्या आहेत काय, हें तपासल्यावांचून साक्षी मोजूं नयेत. त्याहून दुर्मिळ व म्हणून अधिक मोलाची गोष्ट म्हणजे 'गुण आला नाहीं' अशी नोंद. योगावर मारलेली काट, समासांतला 'व्यर्थ' सारखा शब्द, मात्रा बदलून पुन्हां लिहिलेली ओळ, यांस प्रकाशनांत गाळण्याची चाल पडली आहे ती सोडावी. मैत्रेयाचे जे खण रिकामे राहिले, त्यांतले थोडे तरी अशा काटांनीं भरतील.

प्लेगच्या काळांतील कागदांचेंही तेंच. टोंचून घेतलेल्यांस त्या वेळीं दाखले देत असत. क्वारंटाइन व सेग्रिगेशनच्या छावण्यांतून सुटण्यास ते उपयोगी पडत, म्हणून लोकांनीं ते जपून ठेवले. इ. स. १८९७ ते १९१० च्या दरम्यानचे असे दाखले, घरोघरच्या वह्यांत कोण टोंचलें, कोण न टोंचलें, कोण गेलें यांच्या नोंदी, किंवा खाजगी पत्रांतील मजकूर ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याची नक्कल, हस्ताक्षर व कागद यांच्या वर्णनासह, मंडळाकडे धाडावी. भिवंडी, वाडें व वसई या तालुक्यांतील कागद विशेष पाहिजेत, आणि न टोंचलेल्यांची नोंद असलेले सर्वांत आधीं.